दौंडला उतरलेली इमा

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव उगाच वरखाली व्हायला नको. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मुलगी झाली, पावणेतीन किलोची, आणि आवाज असा खणखणीत की रात्रपाळी करून दिवसा झोपणारा शेजारचा भाडेकरू खोली बदलून मागतोय. आता निवांत ऐका.

मी चिपळूणची. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर काशी बघू, केरळ बघू, असं फार ठरवलं होतं. प्रत्यक्षात गेले कुठे, तर शिरूरला. तिथे माझ्या लेकीची सासू राहते, शेवंताबाई. लेक-जावई दूर बंगळूरला, पण आम्हा विहिणींचं मात्र फोनवर मस्त जमतं. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"ताई, तुमी येताय का? आमच्या मेमचाचं दिवस भरत आल्यात. तिची आईबी येनार हाय. मला बाळंतपणातलं काय कळतंय? माझी दोन्ही पोरं सुइणीच्या हातची."

मेमचा ही त्यांची भाडेकरीण, मणिपूरची. तिकडे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली तेव्हा तिचं माहेर जळालं. ती आणि तिचा नवरा कुणाच्या तरी ओळखीनं रांजणगावच्या कारखान्यात कामाला लागले. म्हातारी आई मागे छावणीत राहिली, म्हणजे एका शाळेच्या हॉलमध्ये, दोऱ्यांवर चादरी टांगून पाडलेल्या खणांतल्या एका खणात. दोन वर्षं झाली, मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. चिपळूणला परत आल्यावर मला तिघाचौघांनी विचारलं की ती कुठल्या बाजूची, आणि आग नेमकी लावली कुणी. मी तिला विचारलं नाही, आणि जे आपसूक कळलं तेही सांगणार नाही.

शिरूर

मी शिरूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा पिशवीत सुकट, सोडे, कोकमं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. घाटावरच्या लोकांवर खाण्याच्या बाबतीत माझा काडीचा विश्वास नाही. हवा कोरडी ठणठणीत, दुसऱ्याच दिवशी ओठ फुटले. नदी आहे, घोडनदी, पण आमच्या वाशिष्ठीच्या मानानं अगदीच गरीब. हे मी मोठ्यानं बोलले आणि शेवंताबाईंनी मला दिवसभर ऐकवलं.

त्यांच्या घरामागे ओळीनं सहा खोल्या आहेत. बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे, सगळे कारखान्यातले, आणि सगळे मिळून एका नळावर भांडतात. शेवटच्या खोलीच्या दारात एक गोरी, ठेंगणी, पोटुशी पोर बसली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिनं नाक वर करून एकदम विचारलं, "आंटी, सूखा मछली?"

"आगं बया!" शेवंताबाईंनी पदर नाकाला लावला. "मला वाटलं पिशवीत काय मेलंय का काय."

मेमचा इतकी हसली की मला भीती वाटली, हिला इथेच कळा लागतात की काय. तिच्या गावी सुकी मासळी नसली तर चटणीला चटणी म्हणत नाहीत म्हणे. शेवंताबाईंनी दारापलीकडे वेगळी चूल मांडून दिली, आम्ही दोघींनी सुकटाची चटणी केली, तिनं भाताबरोबर खाल्ली, मी भाकरीबरोबर. शेवंताबाई लांब खाटेवर बसून "माझी शेंगोळी सोडून हे काय खातायसा" म्हणत होत्या. त्यांची हुलग्याची शेंगोळी मीही खाल्ली. चांगली होती. त्यांना सांगितलं नाही.

तिची पावलं सुजली होती आणि रक्तदाब काठावर होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आराम करायचा आणि काळजी करायची नाही. आराम एक वेळ सांगता येतो. काळजी करू नको, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

हा आई आणायचा बेत मुळात शेवंताबाईंचाच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत जशी आमच्या कोकणात तशीच घाटावर. त्यामुळे गल्लीतली येईल ती बाई मेमचाला विचारायची, "माहेराला कवा जानार?" ती आपली सांगायची, "मायका नहीं है." बायकांना वाटलं आई वारली. एकदा शेवंताबाईंनी तिला घरात बसवून नीट विचारलं, तेव्हा आई आहे, घर नाही, असा उलगडा झाला. "मग म्या म्हनलं, पोरीला माहेराला जाता येत न्हाई तर माहेराला हितं आनायचं. त्यात काय एवढं?" त्यात खूपच काय काय होतं. पण मेमचाच्या नवऱ्यानं तिकीट काढलं, छावणीतला एक ओळखीचा माणूस म्हातारीला हावड्यापर्यंत सोबत करणार होता, आणि पुढचा दोन रात्रींचा प्रवास ती एकटी करणार होती. हिंदी तिला चार शब्दच.

सात साड्या

इमा येणार (इमा म्हणजे त्यांच्यात आई) ही बातमी गल्लीत गेली आणि बायकांनी मदत गोळा केली. सात साड्या, अकरा ब्लाऊजपीस आणि एक स्टीलचा डबा. इमा साडी नेसतच नाही. ती कमरेला फनेक गुंडाळते, आपल्या लुंगीसारखं पण जाड आणि आडव्या पट्ट्यांचं. मेमचानं साड्या दोन्ही हातांनी घेतल्या, प्रत्येकीला नमस्कार केला आणि खोलीत नेऊन ठेवल्या. ब्लाऊजपीस तर आपल्याकडे गेली वीस वर्षं एका घरातून दुसऱ्या घरात फिरताहेत, ते कधी कुणी शिवल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी तिला विचारलं, "छावणीत खरी कमी कशाची असते गं?"

ती जरा लाजली. मग हळूच म्हणाली, "चावल आता है, दाल आता है. कंबल भी बहुत आता है. अंदर का कपड़ा कोई नहीं देता, आंटी. और बीपी का गोली कभी आता है, कभी नहीं. और इमा का हाथ खाली है. इमा घर में दिन भर कपड़ा बुनता था."

मला स्वतःचाच राग आला. पुरानंतर चिपळुणात मी स्वतः मदतीचे गठ्ठे सोडले आहेत. त्यात घोंगड्या होत्या, लग्नातले कोट होते. आतले कपडे आपण बायकांना द्यावेत, हे नर्स असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच दिवशी मी आठवडी बाजारात गेले. तिथे तंबूखाली बसलेल्या बुवाकडून परकर, निकर, बॉड्या सगळं मापाच्या अंदाजानं घेतलं, घासाघीस करून. बुवा वरमला, मी नाही.

घरी आल्यावर मेमचाला विचारलं, "आई येणार, खूश ना?" ती म्हणाली, "इमा आएगा तो मैं रोएगा. अभी नहीं रोएगा." रक्तदाब काठावर का आहे, ते मला तेव्हा कळलं.

दौंड

गाडी सकाळची होती आणि ती चार तास उशिरा धावत होती, त्यामुळे आम्ही न्याहारी करून निघालो. शिरूर ते दौंड हे अंतर मेमचाला झेपणारं नव्हतं, म्हणून तिला घरी ठेवलं. तिच्या नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून निघालो ते मी, शेवंताबाई आणि सलीमभाई. सलीमभाई तीन पिढ्यांचे शिरूरचे, भाड्यानं व्हॅन चालवतात, शेवंताबाईंना आक्का म्हणतात आणि त्यांच्यापुढे सिगारेट लपवतात.

तिकिटाचा फोटो माझ्या फोनवर होता. त्यावर दौंडच्या पुढे आणखी दोन शब्द होते, कॉर्ड लाईन. मी चष्मा लावून वाचले आणि सलीमभाईंना विचारलंही.

"ते रेल्वेवाल्यांचं कायतरी आसतंय, ताई. दौंड म्हंजी दौंड. म्या जल्मात हजार येळा गेलोय."

हजार वेळा गेलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? गप्प बसले. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

रस्ता मात्र झकास. न्हावरे गेलं, भीमेवरचा पूल गेला (ही नदी मोठी आहे, हे मी मोकळ्या मनानं मान्य केलं), चौफुल्याला भजी खाल्ली. पाटसच्या अलीकडेच मळीचा वास नाकात शिरला. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, आणि शेवंताबाई त्यांच्या मागे लागून एक ऊस काढायला सलीमभाईंना सांगत होत्या. आमच्याकडे लोक आंबे चोरतात, तेव्हा निदान इकडेतिकडे बघतात तरी.

दौंड जंक्शनला आम्ही वेळेआधी पोचलो. फलाटाचं तिकीट काढलं, थर्मास आणि शाल घेऊन बाकावर बसलो. मेमचाचा फोन. "आंटी, इमा मिला?" नाही गं, गाडी यायचीय. दहा मिनिटांनी पुन्हा, "मिला?" इमाच्या फोनची बॅटरी आदल्या रात्रीच संपली होती, त्यामुळे तिच्याशी बोलणं नाही. तीन गाड्या आल्या, गेल्या. प्रत्येक डब्याशी शेवंताबाई धावत होत्या, आणि कुठलीही ठेंगणी म्हातारी दिसली की तिचा हात धरत होत्या. एकीनं त्यांना चांगलंच झापलं.

शेवटी मी चौकशीच्या खिडकीत फोटो दाखवला. खिडकीतला माणूस आधी फोटोकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला.

"अहो बाई, ही गाडी इथं येतच नाही. इथं आली तर इंजिन फिरवावं लागतं, म्हणून ती बाहेरनंच जाते. तिकडं वेगळं स्टेशन आहे, कॉर्ड लाईन. गाडी जाऊन सव्वा तास झाला."

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला तो तसाच ठेवला. "या खुदा. आक्का, म्या मेलो."

"मरायचं मागनं बघू, गाडी काढ!" शेवंताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन. "मिला?" आयुष्यभर मी रोग्यांच्या नातेवाइकांशी खरं बोलत आले. त्या दिवशी बिनदिक्कत खोटं बोलले. "गाडी आणखी लेट है, बेटा. तू पाय वर करून पड." फोन ठेवला आणि सलीमभाईंना नको नको ते बोलले. ते मुकाट्यानं ऐकत होते, हे बघून मला आणखीच चीड आली, कारण ते दोन शब्द मीही वाचलेले होते.

रुळांपलीकडे

ते स्टेशन गावाबाहेर, शेतांच्या कडेला. आम्ही पोचलो तेव्हा फलाट मोकळा होता. बाकावर कुणी नाही, पाण्याच्या नळापाशी कुणी नाही. शेवंताबाई फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. "ताई, त्या पोरीला आता तोंड कसं दावायचं वो?" साठीची बाई, दोन रात्रींची जागलेली, हिंदीचे चार शब्द सोडले तर इथली भाषा येत नाही, आणि ती आमच्या भरवशावर इथे उतरली होती.

फलाट झाडणारा एक माणूस होता. सलीमभाईंनी त्याला हातवारे करून सांगितलं.

"नाकावर गंध लावलेली व्हय?" तो म्हणाला. "नाकापासनं कपाळापत्तर? बसली व्हती की लय येळ. मग उठली आन् तिकडं गेली. त्या निळ्या कागदाकडं."

त्यानं दाखवलं तिकडे रस्त्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या. बांबूची कमान, वर निळी ताडपत्री, बाहेर तीन दगडांची चूल, अशा वीस-पंचवीस ओळीनं. सलीमभाई पळत सुटले. "इमा! ओ इमा!" असं पन्नाशीचा दाढीवाला माणूस ओरडत जाताना बघून कुत्री मागे लागली.

टोळी उसात गेली होती. कोप्यांवर एकच बाई होती, मुक्ता, बीडकडची, हाताला कोयता लागला म्हणून मागे राहिलेली. आणि तिच्या चुलीपाशी, फनेक गुडघ्यापर्यंत खोचून, राखेनं एक काळंकुट्ट पातेलं घासत बसली होती आमची इमा. शेजारी तिचं गाठोडं होतं, आणि धुऊन पालथी घातलेली तिची स्वतःची ताटली.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच धुळीत बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. शेवंताबाईंनी तर इमाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. इमा घाबरून उठली. मी फोनमधला मेमचाचा फोटो तिच्यापुढे धरला, तेव्हा तिनं फोनच छातीशी धरला आणि काही केल्या परत देईना.

"म्या म्हनलं, नवी टोळी आली का काय," मुक्ता सांगत होती. "आली, हात जोडलं, आन् पिशवीतनं ह्ये कारड काढून दावलं. मला कुठं वाचता येतंय? मग गपचिप त्या कडंला जाऊन बसली, ताटली म्होरं घिऊन. म्या वाढला भात, डाळ व्हती थोडी. खाल्लं, आन् उठून माझं पातेलंच घेतलं घासाया. नगं नगं म्हनलं तरी आयकंना."

मी ते कार्ड पाहिलं. छावणीचं होतं. नाव, खणाचा क्रमांक, शिक्का.

मग माझ्या लक्षात आलं. लेक न्यायला आली नाही, आजूबाजूला ओळखीचं काही नाही, आणि समोर निळ्या ताडपत्र्यांची ओळ दिसली. तिला वाटलं, ही इथली छावणी. कार्ड दाखवायचं, ताटली घेऊन बसायचं, जेवल्यावर पाळीनं भांडी घासायची. दोन वर्षांत जे शिकली ते तिनं नीट केलं होतं.

मुक्ताच्या हाताची पट्टी मळली होती. मी पिशवीतलं सामान काढून ती बदलली, जखम धुतली, आणि धनुर्वाताची सुई घ्यायलाच पाहिजे म्हणून दटावलं. सलीमभाईंनी खिशात हात घातला तर ती म्हणाली, "भाताचं काय पैकं घेत्यात व्हय? जावा, लेक वाट बघत आसंल." त्यांनी मग तिला दवाखान्यात नेऊन आणायचं, वाट दाखवणाऱ्या फलाटवाल्याला चहा पाजायचा, असं काय काय कबूल केलं. मुक्ताला त्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखर नेलं, सुई देववली आणि परत सोडलं. चुकीचं परिमार्जन करायला माणूस शिरूर-दौंड दोनदा हिंडला, आता मी त्यांना काही बोलत नाही.

गाडीतून मेमचाला फोन लावला आणि इमाच्या कानाला धरला. पाटस येईपर्यंत इमानं तो दोन्ही हातांनी तिथेच दाबून धरला होता. मागे नजर जायला नको म्हणून सलीमभाईंनी आरसा वर करून ठेवला होता.

दारात

शिरूरला पोचलो तेव्हा गल्ली झाडून पुसून तयार होती. मेमचा खोलीच्या चौकटीला धरून उभी. तिनं पाऊल पुढे टाकलं, तशा शेवंताबाई कडाडल्या, "थांब! अशीच घरात घ्यायची न्हाई. लांबनं आलीया, काय काय बघून आलीया, आधी उतरवून टाकू दे."

आमच्याकडेही हे करतात. भाकरीचा तुकडा आणि पाणी येणाऱ्यावरून तीनदा ओवाळायचं आणि लांब फेकून द्यायचं, म्हणजे वाटेत लागलेली पीडा त्या तुकड्याबरोबर जाते. मी दवाखान्यातली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आडवीही येत नाही.

शेवंताबाईंनी तुकडा ओवाळला. एकदा, दोनदा, तीनदा. तो फेकायला त्यांनी हात मागे नेला, आणि इमानं वाकून दोन्ही हात पुढे केले. तिनं तो तुकडा त्यांच्या हातातून अलगद घेतला, कपाळाला लावला, थोडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला ओढणीच्या टोकात बांधायला लागली.

गल्लीतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. तो तुकडा कुत्र्याला पडतो, कावळ्याला पडतो, माणूस त्याला शिवत नाही. कुणाची तरी "आगं आई गं" अशी किंकाळी निघाली. मेमचाला हे इथे राहून ठाऊक झालेलं होतं. ती पांढरीफटक पडली आणि "इमा, नहीं..." म्हणत आपल्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. इमाचे हात गाठीवरच थांबले. आपलं काय चुकलं, ते तिला कळेना. तिनं घाईघाईनं गाठ सोडली आणि तुकडा परत द्यायला पुढे धरला.

"तिला काय सांगू नगंस," शेवंताबाई मेमचाला म्हणाल्या.

शेवंताबाई म्हणजे मांजर आडवं गेलं तर बँकेचं काम दुसऱ्या दिवसावर टाकणारी बाई. त्यांनी इमाच्या तळहातावरच्या तुकड्याचे दोन केले. एक तिच्या हातात ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात घातला आणि सगळ्या गल्लीकडे बघत सावकाश चावून खाल्ला.

"जी काय पीडा आसंल ती आता दोघींची," त्या म्हणाल्या. "चला, खा म्हनावं, आन् घरात या."

इमानं त्यांच्याकडे बघत आपला वाटा खाल्ला. मेमचानं चौकट सोडली आणि रडायला सुरुवात केली.